मदत हवी आहे : जुन्या सायकलींचे सुटे भाग कुठे मिळतील?

मंडळी, आमच्या सायकल क्लबला यंदा २५ वर्षं होतायत. त्यानिमित्त स्वारगेट ते खडकवासला फेरी ठरलीय, तीही पहाटे. रविवारी उशीर केला की चौपाटीवर कणीस-भजीवाल्यांची झुंबड. ज्येष्ठांचा हट्ट एकच, आपापल्या जुन्या ॲटलास, हर्क्युलसच चालवायच्या. सिंहगडाचा घाट मात्र मीच रद्द करायला लावला, रॉड ब्रेकवर (तारेऐवजी सळईने ओढले जाणारे जुने ब्रेक) तो उतार नकोच!

तर, २८ बाय दीडचे टायर, रॉड ब्रेकची रबरं आणि कॉटर पिना (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आसाला घट्ट धरणाऱ्या पिना) पुण्यात कुठे मिळतील? एका सायकलची पिन इतकी झिजलीय की पायडल मारलं की क्रँक कटकट वाजतो. हातोडीने नुसतं न ठोकता, पिन कानशीने घासून नीट बसवणारा जुना मिस्त्री कुणाच्या ओळखीत आहे का?