लोकेशन बंद ठेवलं तरी आपण कुठे आहोत ते कळतंच का? आणि नक्की कोणाला?

रातकिडा

मंडळी, एक शंका आहे, जाणकारांनी जरा उजेड पाडावा.

मी फोनचं लोकेशन कायम बंद ठेवतो. नकाशा बघायचा असला की चालू करायचं, काम झालं की लगेच बंद, आता बोट आपोआपच तिकडे जातं. पण तरीही कुठलंही ॲप उघडलं की जाहिराती बरोबर मी असतो त्याच शहरातल्या, बातम्याही तिथल्याच. मग मी हे बटण दाबून नक्की बंद काय करतोय?

यावरून घरात दोन पक्ष पडलेत. दादाचं म्हणणं, सरकारला सगळं कळतंच, तू काहीही बंद कर, कंपन्या निदान बदल्यात काहीतरी फुकट देतात. बायकोचं बरोबर उलटं, सरकारला निदान कोर्टात खेचता येतं, निवडणुकीत पाडता येतं, कंपनीला कोण विचारणार. माझा दोघांवरही विश्वास नाही पण दोघांशी एकदम भांडायची ताकदही नाही, तेव्हा आधी कोणाकडे बघायचं?

'फोन फेकून द्या' असले सल्ले नकोत प्लीज. फोन लागतो.

टॉवरखालचा

मोबाईल नेटवर्कच्या कामात बरीच वर्षं काढलीत म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या प्रश्नात बऱ्याच गोष्टी एकमेकांत अडकल्यात. आधी जीपीएस. लोकांना वाटतं वरून उपग्रह आपल्यावर नजर ठेवतोय, तसं काही नसतं. उपग्रह फक्त स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा सांगत फिरतो, फोन ते ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते स्वतःच मोजतो, उपग्रहाला तुम्ही आहात की नाही याचाही पत्ता नसतो. भानगड होते ती पुढे. फोनने मोजलेली जागा कोणतं ॲप मागून घेतं आणि घेऊन कुठे पाठवतं, तिथे. तुमचं बटण ॲपला ही जागा मिळणं बंद करतं. हे काही कमी नाही, पण तेवढंच करतं.

टॉवरला त्या बटणाशी काही देणंघेणं नाही. तुम्ही कोणत्या टॉवरच्या हद्दीत आहात हे नेटवर्कला माहीत नसेल तर कॉल पोचवणार कुठे? शहरात टॉवर जवळजवळ असतात त्यामुळे काही शे मीटरपर्यंत अंदाज येतो, उघड्या माळावर तोच अंदाज काही किलोमीटरचा होतो. आणि ही नोंद थेट सिमच्या मालकाच्या नावावर पडते, यात निनावी वगैरे काही नाही.

तुमच्या जाहिराती आणि बातम्या बहुतेक आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे तुमच्या नेटच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून येतायत. इंटरनेटला जोडलं की आयपी जातोच, त्यावरून साधारण शहर कळतं, गल्ली नाही कळत. वायफाय मात्र गल्लीच काय, इमारतही सांगू शकतं, कारण कोणता राउटर (वायफाय देणारा डबा) कुठे आहे याचे प्रचंड साठे गूगल आणि ॲपलकडे आहेत आणि आजूबाजूला कोणते राउटर दिसतायत एवढं कळलं तरी जागा निघते. अँड्रॉइडमध्ये वायफाय बंद केलं तरी स्कॅनिंग चालू राहू शकतं, त्याची सेटिंग वेगळी असते, शोधावी लागते.

शोधावी लागण्यावरून आठवलं. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं होतं की गूगलची लोकेशन हिस्टरी थांबवली तरी जागेच्या नोंदी होतच होत्या, कारण 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' नावाची दुसरी सेटिंग चालू होती आणि तिच्या नावात लोकेशनचा ल सुद्धा नाही. २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली ती याच प्रकरणात. तेव्हा 'मी बंद केलंय' म्हणण्याआधी दुसरं दार बघा.

अवांतर: आता कोणीतरी 'फोन आपलं बोलणं ऐकतो' काढणारच म्हणून आधीच सांगतो. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली होती, चोरून माइक चालू करणारं एकही सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनचं चित्रीकरण मात्र बाहेर पाठवत होती, त्याबद्दल कोणी बोलत नाही!

बिनधास्त७७

एवढं सगळं वाचून दमलो बुवा. मी सकाळी कामावर जातो संध्याकाळी घरी येतो, माझं लोकेशन बघून सरकारला आणि कंपनीला झोप येईल. ज्याला काही लपवायचंय त्याने काळजी करावी. उगाच स्वतःला किती महत्त्वाचं समजायचं ते? हलके घ्या.

कोरा_कागद

@बिनधास्त७७, हलकेच घेतो. पण एक किस्सा ऐका, मग ठरवा.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये एक माणूस व्यायामाला सायकल चालवायचा आणि किती अंतर झालं ते ॲपवर मोजायचा. तासाभरात तो एका घरासमोरून तीनदा गेला, कारण त्याचा फेराच तसा होता. त्याच दिवशी त्या घरात चोरी झाली. पोलिसांनी काय केलं, गूगलला वॉरंट पाठवलं की या वेळात या घराच्या आसपास जेवढे फोन होते तेवढ्यांची माहिती द्या. म्हणजे आधी संशयित आणि मग त्याचा शोध असं नाही, आधी नकाशावर गोल काढायचा आणि आत जो सापडेल तो संशयित. २०२० च्या जानेवारीत त्याला गूगलचा ईमेल आला, सात दिवसांत कोर्टात हरकत घेतली नाहीत तर तुमची माहिती पोलिसांना देऊ. वकील करावा लागला, घरच्यांना पैसे उभे करावे लागले, मग पोलिसांनी मागणी मागे घेतली. याने लपवलं काय होतं सांगा? तोही तुमच्यासारखाच रोज त्याच रस्त्याने जाणारा, तेच तर महागात पडलं.

आणि 'लाखो लोकांत मला कोण ओळखतंय' हेही खरं नाही. २०१३ चा एक गाजलेला अभ्यास आहे, १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाईल नोंदी घेतल्या, नावं काढून टाकलेल्या. तरी फक्त चार वेळा माणूस कुठे होता एवढं माहीत असलं तर ९५ टक्के लोकांचा माग वेगळा काढता आला. जागा तरी किती ढोबळ, टॉवरएवढी. घर आणि ऑफिस यातच दोन झाल्या की.

आता @रातकिडा, तुमच्या घरातल्या भांडणाकडे येतो कारण मला वाटतं दादा आणि वहिनी दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतायत, फक्त त्यांना वाटतं की या दोन वेगळ्या आहेत.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा कार्पेंटर खटल्यात निकाल आला. पोलिसांनी वॉरंट न घेता एका माणसाच्या १२७ दिवसांच्या टॉवरच्या नोंदी मिळवल्या होत्या, जवळपास १३ हजार ठिकाणं. कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं, हे चालणार नाही, वॉरंट लागेल. वहिनी जिंकल्या असं वाटलं ना? आता पुढचं. २०२० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकन वृत्तपत्राने छापलं की अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या यंत्रणा लोकांचं लोकेशन बाजारातून सरळ विकत घेतायत. हवामानाची, खेळांची, कसलीकसली ॲप असतात, त्यात दुसऱ्याच कंपनीचा कोड बसवलेला असतो, तो जागा गोळा करतो, ती दलालांकडे जाते, दलाल ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला विकतात. सरकारकडे पैसे असतात. वॉरंट कशाला लागतंय, बिल फाडलं की झालं.

म्हणजे कोर्टाने पुढचं दार लावून घेतलं आणि मागच्या दारी दुकान उघडलेलंच होतं. आता यात कोणावर जास्त अविश्वास ठेवायचा? जमवणारा एक, मागणारा दुसरा, माल तोच. माझ्या मते 'कोण बघतंय' यापेक्षा 'मुळात साठवलं का जातंय' हा प्रश्न आधी विचारा. एकदा साठा झाला की त्याचा मालक बदलतो, सरकार बदलतं, कायदा बदलतो, साठा तिथेच असतो.

खवचट_आत्या

कोरा_कागद यांचं बरंचसं पटलं पण सगळं एका मापाने मोजू नका. २०१६ मध्ये एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेने ॲपलला सांगितलं की कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या गोळीबारातल्या हल्लेखोराचा आयफोन उघडायला खास सॉफ्टवेअर बनवून द्या, ॲपलने साफ नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी एफबीआयने बाहेरच्या कोणाकडून तरी फोन उघडून घेतला. कंपनी सरकारच्या अंगावर गेलीच ना?

(फायद्यासाठी गेली असेल, माझं काही म्हणणं नाही. पण गेली.)

कोरा_कागद

आत्या, गेली की. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच ॲपलने ब्रिटनमध्ये आयक्लाउडचं (ॲपलच्या ऑनलाइन साठ्याचं) सगळ्यात कडक कुलूप नव्या ग्राहकांना देणं बंद केलं, ब्रिटिश सरकारने आतला माल मागितल्याच्या बातम्या आल्या त्यानंतर. किल्ली ज्याच्याकडे असते तो शूर आहे की नाही यावर माझी प्रायव्हसी टांगलेली मला नकोय.

सिग्नल या मेसेजिंग ॲपचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीकडून त्यांना समन्स आलं, अमुक नंबरची सगळी माहिती द्या. त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. दिल्या. शौर्य नाही, भांडण नाही, साठाच नाही तर देणार काय. गूगलनेही २०२३ च्या डिसेंबरात जाहीर केलं की लोकांची टाइमलाइन (कुठे कुठे गेलो त्याची नोंद) यापुढे त्यांच्या सर्व्हरवर न राहता ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहील. त्या सायकलवाल्यासारखी वॉरंट आली तर गोलात शोधायला तिथे साठा नसेल. इतकी वर्षं का नाही केलं हे मला विचारू नका.

बिनधास्त७७

सायकलवाल्याचं माहीत नव्हतं. पण त्यात चोरही सापडू शकला असता ना? पोलिसांनी मग करायचं काय? तुमच्या घरी चोरी झाली तर तुम्हीच म्हणाल सगळे फोन तपासा.

टॉवरखालचा

@बिनधास्त७७ रास्त प्रश्न आहे, आणि तेव्हा मी तसं म्हणेनही. म्हणूनच चोरी झालेल्या माणसाला विचारून नियम करायचे नसतात, वॉरंट न्यायाधीश देतो तो त्यासाठीच. माझा आक्षेप वॉरंटला नाही, टॉवरच्या नोंदीवरून हरवलेली माणसं सापडतात हे मी जवळून बघितलंय. न विचारता जमवलेल्या आणि किलोवर विकलेल्या मालाला आहे.

रातकिडा

सगळ्यांचे आभार, डोकं गरगरतंय पण थोडं साफ झालं. दादाला सायकलवाला सांगितला, बायकोला दलाल सांगितले, आता दोघंही माझ्यावर चिडलेत.

आता कामाचं बोला. मी साधा माणूस आहे, माझ्यामागे कोणी हेर नाही. काय केलं तर खरंच फरक पडतो आणि काय केलं तर नुसतं समाधान?

टॉवरखालचा

टॉवर सोडून द्या, फोन वापरताय तोवर ते टळत नाही. खरंच तासभर कोणाला कळू नये असं असेल तर फोन घरी ठेवा, विमान मोडवर सुद्धा माझा फार भरवसा नाही, कारण त्यात जीपीएस ऐकणं चालू राहू शकतं आणि एखादं ॲप नोंद ठेवून नेट आल्यावर पाठवू शकतं.

दलालांचा रस्ता मात्र बराचसा बंद करता येतो आणि माझ्या मते सगळा जोर तिथेच लावावा. प्रत्येक फोनला जाहिरातींसाठी एक ओळख क्रमांक असतो, इकडचं तिकडचं सगळं त्या क्रमांकावर जोडून तुमचं चित्र तयार होतं. अँड्रॉइड १२ पासून तो पुसून टाकता येतो. आयफोनमध्ये २०२१ च्या आयओएस १४.५ पासून ॲपला तो वापरायला तुमची परवानगी मागावी लागते, तिथे सरळ 'नको'. मग परवानग्यांची यादी उघडा आणि कोणाकोणाला लोकेशन 'कायम' दिलंय ते बघा. हे एकदा शांतपणे बसून करा, दिवसातून दहा वेळा ते बटण चालूबंद करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. आणि वापरत नाही ती ॲप काढून टाका, यात काही तंत्रज्ञान नाही.

व्हीपीएनबद्दल (तुमचं नेट दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) कोणी विचारायच्या आत: त्याने आयपी लपतो, म्हणजे तुमच्या बातम्या दुसऱ्या शहरातल्या येतील. पण तुमची रहदारी जी आधी नेट देणाऱ्या कंपनीला दिसत होती ती आता व्हीपीएनवाल्याला दिसते. फुकटचा व्हीपीएन असेल तर तो पोट कशावर भरतो हा विचार तुम्हीच करा.

खवचट_आत्या

आणि फोटो! मूळ फाइलमध्ये जागा लिहिलेली राहते, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद करता येते. मेसेजिंगवर फोटो म्हणून पाठवला तर बहुतेक ठिकाणी ती निघून जाते पण डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवला तर जशीच्या तशी जाते. जुनी वस्तू विकायला काढताना लोक घरातला फोटो टाकतात, त्याच्यासोबत पत्ताही देऊन मोकळे होतात.

रातकिडा

यादी उघडली. सात ॲपना 'कायम' होतं!! मी लोकेशनचं बटण बंद करत होतो म्हणून कधी बघितलंच नव्हतं, पण नकाशासाठी चालू केलं की तेवढ्यात ही सातही घेत असणार. सहा काढली. हवामानाचं एक राहिलंय, ते रोज लागतं आणि लोकेशन दिलं नाही तर उघडताना प्रत्येक वेळी कटकट करतं.

टॉवरखालचा

त्याला 'अंदाजे लोकेशन' द्या, परवानगीच्या त्याच पानावर 'अचूक' नावाचं बटण असतं ते बंद करायचं. पाऊस सांगायला तेवढं पुरतं. नाहीतर शहराचं नाव हाताने टाकता येतंय का बघा, आणि येत नसेल तर दुसरं ॲप घ्या, हवामानाची काय कमी आहेत का.