पूर ओसरल्यावर शाळेत राहिलेली माणसं : तुमचे अनुभव सांगा

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा घरोघरी गणपती बसलेले होते. पाणी वरून, मध्य प्रदेशातून आलं. गोसेखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना घरं सोडावी लागली. कोरोनामुळे शाळा बंदच होत्या, तिथंच लोकांची सोय झाली. मी आठ दिवस अशा एका शाळेत मदतीला होतो. मदत पुष्कळ आली, पण ती कामाची होती का, यावर आपण फारसं बोलत नाही. म्हणून हा धागा. जे पाहिलं ते लिहा.

माझ्यापासून सुरू करतो. पहिल्याच दिवशी आम्ही तांदूळ, डाळ, तेल अशा पिशव्या वाटल्या. एक आजी पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. म्हणाली, "एवढं देल्लं जी, पन शिजवू कायच्यात?" गंज म्हणजे पातेलं नाही, चूल नाही, सरपण सगळं ओलं. आम्हाला हे सुचायला हवं होतं. मग मंडपवाल्याकडून मोठे गंज आणले आणि चार दिवस एकत्रच रांधलं. पिशव्या दिल्या त्या लोक घरी परतताना.

कपड्यांचंही तेच झालं. साड्यांचा ढीग आला, त्यात परकर एक नाही. आणि बदलायला आडोसा कुठे? बाया अंगावरच लुगडी वाळवत होत्या. तिसऱ्या दिवशी एका मास्तरीणबाईंनी एका वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या बांधल्या आणि दाराशी स्वतः बसल्या. त्या आठ दिवसांतलं सगळ्यात मोलाचं काम मी हेच मानतो.

आरमोरीकडून एक जण :
आमच्या शाळेतला एक माणूस जेवण झालं की गायब व्हायचा. चौकशी केली तर कंबरभर पाण्यातून टेकाडावरच्या बैलांकडे जात होता. तनसीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग वाहून गेले होते, ढोरं उपाशी. पूर न आलेल्या गावांत आम्ही शब्द टाकला आणि संध्याकाळपर्यंत दोन ट्रॉल्या तनस आली. त्या रात्री तो पहिल्यांदा झोपला.

हिंगणघाट तालुक्यातली आशाताई :
जुलै २०२२ चा पूर. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकणं, उकळलेलं पाणी प्या म्हणून सांगत फिरणं, हे आम्हाला येतं. अडलं ते गोळ्यांवर. म्हातारी माणसं सांगायची, "बारीक पांढरी गोळी, सकाळची." बीपीची की शुगरची, कसं कळणार? चिठ्ठी पुरात गेलेली. आता मी माझ्या वहीत प्रत्येकाच्या गोळीचं नाव लिहून ठेवते. पॅड वाटायला पुरुष पाठवू नका, एवढं मात्र ऐका. पोरी हात पुढे करत नाहीत.

मोवाडला गेलेला एक जुना कार्यकर्ता :
३० जुलै १९९१, नागपूर जिल्ह्यातलं मोवाड, वर्धा नदीचा पूर. २०४ माणसं गेली. मी कॉलेजात होतो, गाळ उपसायला गेलो होतो. याहून जास्त लिहवत नाही.

ब्रह्मपुरी तालुका, निवृत्त शिक्षक :
मी कागदांचं काम केलं. आधार, पासबुक, सातबारा वाळवणं, पंचनाम्यासाठी अर्ज लिहिणं. घराचं नुकसान दाखवता येतं. पण ठेक्यानं केलेल्या बांधीचं, म्हणजे दुसऱ्याच्या धानाच्या शेताचं काय? रोवणी, खत, उसनवारी कसणाऱ्याची, आणि सातबारा दुसऱ्याचा. अशी एक विधवा बाई रोज येऊन विचारायची, "गुरुजी, माया नाव कुठी लागते का?" कुठंच लागत नव्हतं. मी शेतमालकाकडे जाऊन बसलो. धानाच्या नुकसानीचे पैसे त्याच्या खात्यात आले तेव्हा अर्धे त्यानं तिला आणून दिले. ठेक्यानं शेती करणाऱ्या बाकीच्या सात जणांच्या मालकांकडेही गेलो होतो. त्यातल्या दोघांनी दिले.