आजी फक्त माहेरच्या नावाला ओ देते

गडगा_मालवण: वय ८१, अल्झायमरचं निदान होऊन दोन वर्षं झाली. लग्नात बदललेल्या नावाला आजी आता ओ देत नाही; माहेरच्या नावाने हाक मारली की लगेच वळते. दिवेलागणीला "माका घराक जावचा आसा" म्हणत बेड्याकडे (आवाराच्या फाटकाकडे) निघते. आरशातल्या बाईशी भांडते. गेल्या चार दिवसांत सगळंच वाढलंय. हाक कुठल्या नावाने मारायची?

दर्यावाट: नावाचं नंतर. "चार दिवसांत वाढलं" हे आधी बघा. अल्झायमर महिन्यांच्या हिशेबाने सरकतो. दिवसांत बिघडलं आणि सकाळी बरी, रात्री भलतीच असं होत असेल, तर बहुधा डिलिरियम, म्हणजे आजाराने किंवा औषधाने अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. लघवीचा संसर्ग, उतरलेलं सोडियम, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, नवी गोळी ही नेहमीची कारणं. या वयात संसर्ग असूनही बरेचदा ताप नसतो, म्हणून घरचे फसतात. लघवी रूटीन आणि कल्चर, सीबीसी, सोडियम, साखर, क्रिएटिनिन करा. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर सोडियमवर पहिला संशय. महिना-दोन महिन्यांत पडली असेल तर डोक्याचा सीटी. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठतं. सर्दी-खाजेची क्लोरफेनिरामाइनवाली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. डोनेपेझिल (अल्झायमरची नेहमीची गोळी) जे करतं त्याच्या नेमकं उलट ती करते.

माजघर: माहेरच्याच नावाने हाक मारा. ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या तग धरतात. ते नाव पाळण्यातलं, सासरचं त्यानंतर कितीतरी वर्षांनी लागलेलं. दुरुस्त करायला जाऊ नका आणि "मी कोण, ओळख बघू" ही परीक्षा तर बंदच करा (पाहुणे हमखास घेतात, त्यांना ओटीवरच सांगून ठेवा). समोरून जा, खाली बसा, आपलं नाव आपणच सांगा.

तिच्या मनातला चेहरा तरुण आहे, त्यामुळे आरशातली म्हातारी तिला परकी. आरसा झाका, कपाटाचाही. अंधार पडला की खिडकीची काच आरसाच होते. दिवे लावण्याआधी पडदे ओढा.

"हेच तुझं घर" म्हटलं की ती चिडणार, कारण घर म्हणजे माहेर. चारला चहा, मग लघवीला नेणं, ऊन उतरायच्या आत दिवे, आणि हातात काम. अबोलीची वेणी उत्तम: केळीच्या सोपाचा दोर भिजवून द्या, फुलं एका वेळी तीस-चाळीसच. परडीभर समोर ठेवली तर गोंधळते. देठ दोरात अडकवून पीळ देणं बोटांना आठवतं. नाव विसरलेल्या बाईलाही. विळी मात्र नजरेआड ठेवा.

खळं: विहिरीवर लोखंडी जाळी आणि कुलूप, आजच. बेड्याला घुंगरू बांधा. दाराची कडी नेहमीच्या उंचीला नको, अगदी वर लावा. तिकडे नजर जात नाही. ती एकटी घरात असताना बाहेरून कुलूप लावू नका, आग लागली तर? पोलक्याच्या आत फोन नंबर आणि *दोन्ही* नावं शिवा, शोधणारा सासरच्या नावाने हाका मारत बसतो. हरवलीच तर आधी विहीर, व्हाळ आणि माहेरची वाट.

सातबारा: यात एक कागदी भानगड आहे. स्लिपवर ती माहेरच्या नावाची सही करील आणि बँक परत पाठवील. दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यांतला एक बँकेचा अधिकारी हवा. पण तो हात थरथरणाऱ्यासाठी. व्यवहारच समजत नसेल तर अंगठ्याने भागत नाही. मुखत्यारपत्र केलेलं असलं तरी करार कायदा १८७२ च्या कलम २०१ नुसार बुद्धी गेली की ते संपतं. मग पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज. वेळखाऊ आहे, वकील लवकर गाठा.

गडगा_मालवण: लघवीचा नमुना उद्या देतो. लॅब कुडाळला, तासाभराची वाट. चालेल?

दर्यावाट: चालेल. आधी साध्या पाण्याने धुवून घ्या, पहिली धार सोडून मधली धरा, डबी लॅबचीच निर्जंतुक घ्या. दोन तासांच्या वर जाणार असेल तर बर्फाच्या पिशवीसोबत न्या.