पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय फिजिओने कुत्र्याला हात लावावा का?

वाघ्याचा_बाप: पुण्या-मुंबईत आता कुत्र्यांसाठी लेझर, मसाज, पाण्यातली ट्रेडमिल सगळं मिळतं. हे करणारे काही पशुवैद्य, काही बीपीटी, म्हणजे माणसांच्या फिजिओथेरपीची पदवी, घेऊन इकडे वळलेले, काही नुसत्या ऑनलाइन कोर्सवाले. माझं म्हणणं: डॉक्टरांनी तपासून लेखी पाठवल्याशिवाय फिजिओने हात लावू नये. ब्रिटनमध्ये २०१५ च्या पशुवैद्यकी सवलत आदेशातही पशुवैद्याने आधी तपासून फिजिओथेरपी सांगितलेली असावी, असं आहे. आपल्या १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात नोंदणीकृत पशुवैद्याशिवाय कुणी पशुवैद्यकी करू नये असं आहे, फक्त किरकोळ सेवांना राज्य सरकारच्या परवानगीने, पशुवैद्याच्या देखरेखीखाली सूट आहे. मसाज त्यात बसतो का, घाला वाद.

लॅबवाली_मावशी: कागदावर छान हो! आमची लॅब, म्हणजे लॅब्राडॉर कुत्री, ११ वर्षांची, मागचे पाय घसरायचे. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. फिजिओचं नावही काढलं नाही. मीच शोधली. तिने पहिल्या दिवशी पंजांमधले केस भादरले, नखं कापली आणि गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट टाकायला लावल्या. निम्मं घसरणं तिथेच थांबलं.

डॉ_शेपूट: मॅटला कोण नाही म्हणतंय? पण लंगडणं म्हणजे दरवेळी संधिवात नव्हे. मोठ्या जातीचा कुत्रा पुढच्या पायाने लंगडतोय, मनगटाच्या वर टणक सूज आहे, तर हाडाचा कॅन्सर असू शकतो. तिथे लेझर वर्ज्य, आणि जोर दिला तर हाडच मोडायचं. नुसत्या हाताला हे कळत नाही, एक्स-रेच लागतो. मणक्यातली गादी सरकून डॅशहुंडचे मागचे पाय रातोरात जातात आणि लोक थेट मसाजला नेतात! पंजाचं बोट चिमट्यात दाबून खोल वेदना कळते का, हे आधी बघायचं असतं. कळत नसेल तर ऑपरेशनला उशीर परवडत नाही.

बीपीटी_ते_भूभू: चिठ्ठी मलाही हवीच आहे, डॉक्टर. पण तिच्यात असतं काय? ‘फिजिओ सुरू करा, १० सिटिंग.’ ऑपरेशन कधी झालं, कोणत्या मणक्याचं, हृदयाचा त्रास आहे का, काही नाही. जखम भरलेली नसताना पाण्यात उतरवू? फोन केला तर कंपाउंडर उचलतो. मी मांडीचा घेर टेपने मोजून दर आठवड्याला रिपोर्ट पाठवते, तो कुणी उघडतं तरी का?

डॉ_शेपूट: सहा पानांची पीडीएफ ओपीडीत कोण वाचणार? तीन ओळी पाठवा, वाचतो. चिठ्ठीचं मान्य, आम्ही आळशी आहोत.

गोठा_नं_१: तुमचं चालू द्या. आमच्याकडे गाय विल्यावर बसली की डॉक्टर कॅल्शियम लावून जातात. मग तिच्याखाली भुसा घालणं, दर थोड्या वेळाने कूस बदलणं, पाय चोळणं, सगळं गडी करतो. त्याला कुणाची चिठ्ठी?

वाघ्याचा_बाप: तिथे डॉक्टर आधी येऊन गेले ना, मग झालं की! मावशी, तुमच्या लॅबचा एक्स-रे काढला होता का?

लॅबवाली_मावशी: काढला. खुबे झिजलेत. आणि तो काढायचा हट्ट फिजिओनेच धरला, डॉक्टरांनी नव्हे.