ही सोनकी की कारळा?

परवा रतनगडावर गेलो होतो. माथ्यावर वीतभर उंचीची पिवळी फुलं, अक्षरशः सडा. बायको म्हणते सोनकी. मी ठामपणे म्हणालो कारळा, कारण आमच्या आजोळी शेतात असंच पिवळंधमक दिसायचं. आता घरात वाद पेटलाय. कोण बरोबर?

डोंगरवेडी: वहिनी! सप्टेंबरात सह्याद्रीच्या माथ्यावर एवढी दाट पिवळाई म्हणजे बहुतेक सोनकीच. कारळा हे तेलबियांचं पीक, शेतात पेरतात.

माळीबुवा: फोटोवर जाऊ नका. एखादं वाळलेलं बोंड चिमटीत धरून उकला. बियांना पांढरे मऊ केस दिसले तर सोनकी, वाऱ्यावर उडायची सोय असते ती. कारळ्याची बी काळी, गुळगुळीत, तिला केस नसतात. पानंही बघा: कारळ्याची बहुतेक समोरासमोर, सोनकीची एकाआड एक. आणि गंमत म्हणजे ज्याला आपण पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक स्वतंत्र फूल, मधल्या गोल चकतीतही तशीच बारीक फुलं खच्चून भरलेली. सूर्यफुलाचं कूळ ना.

मूळ प्रश्नकर्ता: ट्रेकच्या पँटला चिकटून आलेलं एक वाळकं बोंड सापडलं. उकललं. केस आहेत, फुंकर मारली तर थेट वरणाच्या पातेल्यात. हरलो. बिया कुंडीत टाकू का?

माळीबुवा: उरल्यासुरल्या टाकून बघा, पण पाणी साचू देऊ नका. हिला कातळावरची पातळ माती लागते. वर्षायू आहे, बी धरलं की झाड वाळणारच, मेलं म्हणून हळहळू नका.