चालत चालत खायचं तर माटुंगाच! असहमत असाल तर या

फिरस्ता: मुंबईत पायी भटकत पोटपूजा करायची तर माटुंगा पूर्वेला तोड नाही. स्टेशनाबाहेर गजऱ्यांचा वास, केळीच्या पानांचे भारे. राम आश्रयमध्ये शिरा आणि फिल्टर कॉफी, मग झाडांखालून रमतगमत पाच उद्यानं. येताना कॅफे मद्रासला पोडी इडली. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा मोकळं-ढाकळं आखलं, त्याची सावली आपण आजही खातोय.

गल्लीतला: सावली मान्य. पण पायी येतंय कोण? रविवारी सकाळी नऊला बघा. एका हॉटेलापुढे गाड्या दुहेरी रांगेत, नाव पुकारायची वाट बघणारे फूटपाथभर पसरलेले. माझ्या आईला देवळात जायला भर रस्त्यात उतरावं लागतं. तुमचा फूडवॉक, आमची डोकेदुखी.

कट्टेकरी: शिवाजी पार्क विसरलात की काय? प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष, मग कट्ट्यावर हवा तितका वेळ बसा, कोणी उठवत नाही. माटुंग्यात शेवटचा घास तोंडात असतानाच पुढचं गिऱ्हाईक खुर्चीमागे येऊन उभं राहतं.

फिरस्ता: आणि मैदानाची लाल धूळ? ती वड्यासोबत फुकट का? :)

कट्टेकरी: धूळ आहेच. तरी बसतो.

पानगळ: खाण्यावरून काय भांडताय, वर बघा. बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी सोडावी असा हरित लवादाचा आदेश आहे. इथे कित्येक झाडांना पेव्हर ब्लॉक गळ्यापर्यंत भिडवलेत. पाणी मुरणार कुठून? झाडं गेली की भर उन्हात कोण चालत येतंय इडली खायला!

फिरस्ता: पानगळ, +१. गल्लीतला, तुमचा राग गाड्यांवर आहे, आमच्यावर का काढता? मध्य रेल्वेचं माटुंगा, हार्बरचं किंग्ज सर्कल, पश्चिमेचं माटुंगा रोड. इतकी स्टेशनं हाताशी असताना गाडी आणणाऱ्याला टेबलच देऊ नये.

सूनबाई_ठाणे: वा! ऐंशीच्या सासऱ्यांना लोकलच्या गर्दीत तुम्ही चढवणार का? रामा नायककडे जेवायचं तर वर आणखी जिना. त्यांनी रसम-भात खायचाच नाही?

गल्लीतला: जरूर खावा. टॅक्सीने आणा. काळीपिवळी माणसं उतरवून निघून जाते, दोन तास आमच्या गेटपुढे ठाण मांडत नाही.