स्कोअर १६ वरून ११, आता पुन्हा १३. थेरपी लागू पडतेय का?

डोंबिवलीकरीण
पॅनिकसाठी, म्हणजे अचानक येणाऱ्या घबराटीच्या झटक्यांसाठी, दोन महिने सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) घेतेय, आठ सेशन झाली. थेरपिस्ट मॅडम दर वेळी जीएडी-७ ही काळजी मोजायची प्रश्नावली भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत किती त्रास झाला, सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ३. सुरुवातीला १६ होते, मधे ११, परवा १३. रडूच आलं मला. आणि त्याच आठवड्यात मी दीड वर्षाने लोकलने ठाण्याला गेले होते! कोपर स्टेशनलाच छातीत धडधडायला लागलं, दिव्याला उतरावंसं वाटलं, पण दांडा घट्ट धरून उभी राहिले. मग आकडा का वाढला? यजमान म्हणतात, पैसे पाण्यात चाललेत.

मानसशास्त्रवाली
ताई, मी हेच काम करते. दोन गुण इकडचे तिकडे होतातच. इंग्लंडच्या सरकारी थेरपी सेवेत जीएडी-७ मध्ये निदान ४ गुणांचा फरक पडला तरच खरा बदल धरतात. त्या हिशेबाने १६ ते १३ ही अजून पक्की सुधारणा नाही, हेही सांगायला हवं. पण २००६ साली आलेली ही प्रश्नावली मुळात सततच्या काळजीसाठी आहे. तुम्ही लोकल टाळता का, हे ती विचारतच नाही. पॅनिक डिसऑर्डर सिव्हिरिटी स्केल हे खास पॅनिकचं मोजमाप मात्र झटके, पुढच्या झटक्याची धास्ती, टाळाटाळ, कामावरचा परिणाम, सगळं वेगवेगळं विचारतं, ० ते २८. मॅडमशी बोला. भीतीला सामोरं जायला लागलं की सुरुवातीला धडधड वाढते, तुम्ही तर आत्ताच ट्रेनमध्ये चढलात.

सांगलीचा_दादा
मला लिफ्टची भीती होती. वहीत तीन रकाने केले होते: काय केलं, आधी भीती किती, नंतर किती, शंभरपैकी. ९० वरून ४० वर आलो, खूश झालो. माझ्या थेरपिस्ट सरांनी विचारलं, फोनवर कोण होतं? बायको! दर वेळी तिला फोन लावूनच चढायचो. मग चौथा रकाना आला, ‘आधार कशाचा घेतला’. फोन खिशात ठेवला त्या दिवशी परत ७५. खरी मोजणी तिथून सुरू झाली माझी.

डोंबिवलीकरीण
दादा, माझ्या पर्समध्ये गोळी होती. घेतली नाही, पण कळव्यापर्यंत हात पर्समध्येच होता. हे मी मॅडमना सांगितलंच नाही. गुरुवारी सांगते, यजमानांनाही सोबत नेते.